कोंबडीचे वय आणि चुलीची आच

आठवडी बाजारातून आणलेली गावठी कोंबडी आणि दुकानातून आणलेली ब्रॉयलर कोंबडी एकाच पातेल्यात, एकाच वेळी शिजत घातली, तर अर्ध्या-पाऊण तासाने एक मोठा फरक दिसून येतो. ब्रॉयलरचे मांस हाडापासून सुटू लागलेले असते. गावठी कोंबडीचे तुकडे मात्र अद्याप दातांना दाद देत नाहीत. आणखी तासभर मंद आच चालू ठेवली, की गावठी कोंबडीचा रस्सा दाट व रुचकर होतो. ब्रॉयलरचे मांस मात्र दोऱ्यासारखे सुटून बेचव होते. दोन्ही कोंबड्याच, मसाला तोच आणि चूलही तीच. असे असता हा फरक का पडतो? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात जगातील निरनिराळ्या देशांच्या कुक्कुट-पाककृतींचे मर्म सामावलेले आहे. पक्षी कोणता, त्याचे वय किती आणि त्याने आयुष्यात श्रम किती केले, हे पाहूनच सर्वत्रच्या सुगरणींनी चुलीची आच ठरविली आहे.

मांसाची घडण

पक्ष्याच्या मांसात मुख्यत्वे स्नायूंचे तंतू असतात. हे तंतू आणि त्यांचे जुडगे एकत्र बांधून ठेवणारे एक चिवट प्रथिन असते. त्यास कोलॅजेन असे म्हणतात. स्नायूंच्या तंतूंना फार उष्णता सोसत नाही. साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या पुढे ते आकसतात व त्यांतील पाणी बाहेर पडून मांस कोरडे होऊ लागते. कोलॅजेनचे नेमके उलट आहे. ते दीर्घकाळ ओलसर उष्णतेत राहिले, तरच त्याचे मऊ जिलेटिनमध्ये रूपांतर होते. रस्सा दाट होतो व थंड झाल्यावर थिजतो, तो या जिलेटिनमुळेच.

कोंबडीचे वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे परस्परांना अधिकाधिक घट्ट जोडले जातात. त्यामुळे दोन वर्षांची, दिवसभर उकिरडे उकरणारी, कुंपणावर उड्या घेणारी कोंबडी चिवट असते. सहा आठवड्यांच्या पक्ष्यात हे धागे पक्के झालेलेच नसतात. एकाच पक्ष्याच्या निरनिराळ्या अवयवांतही असाच भेद आहे. कोंबडी फारशी उडत नाही, त्यामुळे तिच्या छातीचे मांस पांढरे व मऊ असते. तंगड्यांना मात्र सतत काम असते. श्रम करणाऱ्या स्नायूंना प्राणवायूचा साठा लागतो व तो साठविणाऱ्या मायोग्लोबिन या तांबड्या द्रव्यामुळे तंगडीचे मांस गडद दिसते. बदक व हंस हे मूळचे लांब पल्ल्याचे उडणारे पक्षी. म्हणून त्यांच्या छातीचे मांसही लालसर असते.

रानातून परसात

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा होय. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पाळीव कोंबडीची निश्चित म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वॅट या स्थळी सापडली असून ती इसवी सनपूर्व १६५० ते १२५० या काळातील आहेत. कोरडवाहू भात व भरड धान्ये यांच्या शेतीमुळे रानकोंबडे वस्तीजवळ आले असावेत, असे या संशोधकांचे मत आहे.

या वंशावळीत सह्याद्रीचाही वाटा आहे. अनेक पाळीव कोंबड्यांची कातडी पिवळी असते. हा पिवळेपणा आणणारा जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून नव्हे, तर राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली आनुवंशशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा आपल्या पश्चिम घाटातील जंगलांत आजही आढळतो व कायद्याने त्यास संरक्षण आहे.

परसात आलेली कोंबडी ही प्रथमतः अंड्यांसाठी, आणि कोंबडा हा वंशवृद्धीसाठी व पहाटेच्या बांगेसाठी जतन केला जाई. अंडी देणारी कोंबडी कापणे म्हणजे घरचे उत्पन्न बुडविणे होते. त्यामुळे ती चुलीवर जाई, ती अंडी देणे थांबल्यावर किंवा पाहुणा दारी आल्यावरच. जगातील कितीतरी पाककृती या अशा निबर पक्ष्यासाठी जन्मास आल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या कृतीतील लांबण अनाठायी वाटत नाही.

निबर पक्ष्यास मंद आच

फ्रान्समधील ‘कॉक ओ व्हँ’ हा पदार्थ याचे उत्तम उदाहरण आहे. या नावाचा अर्थच ‘मद्यातील कोंबडा’ असा आहे. निबर कोंबड्याचे तुकडे द्राक्षमद्यात मुरवून, छोटे कांदे, अळंबी व खारवलेले डुकराचे मांस यांसह झाकणाच्या भांड्यात मंद आचेवर कित्येक तास शिजविण्यात येतात. बर्गंडी प्रांतात यासाठी तेथील तांबडे मद्य वापरतात. स्कॉटलंडमध्ये याच कामी मद्याऐवजी पाणी व ‘लीक’ ही पातीच्या कांद्याच्या कुळातील भाजी येते. काही ठिकाणी त्यात सुकविलेले आलुबुखारही घालतात. ‘कॉक-अ-लीकी’ नावाचे हे सूप म्हणजे एका म्हाताऱ्या कोंबड्यातून अनेकांचे पोट भरण्याची काटकसरी युक्तीच होय.

इथिओपियातील ‘डोरो वत’ या पदार्थाची रीत आणखी निराळी आहे. येथे प्रथम पुष्कळ कांदा बारीक चिरून तुपाशिवायच मंद आचेवर परततात. कांद्याचे पाणी आटून त्याचा गाळ झाला, की त्यात मसाल्याचे लोणी व ‘बर्बेरे’ हा मिरचीचा तांबडा मसाला घालतात, आणि मग कोंबडी. परंपरेप्रमाणे कोंबडीचे बारा तुकडे करण्यात येतात व शेवटी उकडलेली अंडी रश्श्यात सोडतात. तेथील सनातनी ख्रिस्ती लोक ईस्टरपूर्वी ५५ दिवस प्राणिज पदार्थ वर्ज्य करतात. हा दीर्घ उपवास सुटतो तेव्हा ‘टेफ’ या धान्याच्या आंबवलेल्या ‘इंजेरा’ धिरड्यांवर डोरो वत वाढला जातो.

कोकणातील कोंबडी-वडे हा याच कुळातील पदार्थ म्हणावयास हरकत नाही. भाजलेले खोबरे, कांदा व गरम मसाला यांचे वाटप गावठी कोंबडीच्या रश्श्यात उकळते, आणि पक्ष्याने सोडलेले जिलेटिन व खोबऱ्याची स्निग्धता यांनी रस्सा वड्याबरोबर खाण्याजोगा दाट होतो. देशावर गावठी कोंबडी शिजताना मसाल्यापूर्वीचे पाणी ‘अळणी’ म्हणून वेगळे काढून आजाऱ्यास व बाळंतिणीस देण्याची पद्धत आहे. युरोपातील ज्यू कुटुंबांत कोंबडीच्या सूपाला जे स्थान आहे, तेच आपल्याकडे या अळणी पाण्याला आहे. ब्रॉयलरच्या अळणीस तशी गोडी का येत नाही, याचे उत्तर वर दिलेल्या शास्त्रात मिळते.

कोवळ्या पक्ष्यास प्रखर आच

कोवळ्या पक्ष्याची गोष्ट वेगळी. त्यात विरघळविण्याजोगे चिवट कोलॅजेन थोडे असल्याने त्याला वेळ नको, प्रखर आच हवी. ‘ब्रॉयलर’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी थेट आचेवर भाजण्यायोग्य पक्षी असा आहे. अमेरिकेत कोंबड्यांचे बाजारातील वर्ग वयानुसार पाडलेले आहेत : दहा आठवड्यांखालील पक्षी भाजण्यास किंवा तळण्यास योग्य मानला जातो, तर दहा महिन्यांवरील कोंबडी रश्श्यासाठी राखून ठेवली जाते. नावातच पाककृती सांगणारी ही पद्धत ग्राहकाच्या मोठ्या उपयोगाची आहे.

पंजाबातील तंदूर हे प्रखर आचेचे उत्कृष्ट साधन होय. मातीच्या भट्टीच्या भिंती तापून चारही बाजूंनी उष्णता देतात, निखाऱ्यांवर पडणाऱ्या रसाचा धूर मांसास लागतो, व अल्पावधीत बाहेरून करपलेली, आतून रसाळ कोंबडी तयार होते. १९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून व सरहद्द प्रांतातून आलेल्या व्यावसायिकांनी दिल्लीत तंदुरी कोंबडी लोकप्रिय केली. तिला दह्यात मुरवतात खरे. परंतु दह्यातील आम्लाचा परिणाम मांसाच्या पृष्ठभागापुरताच होतो. म्हणूनच कातडी काढून मांसावर खोल चिरा देण्यात येतात.

गोव्यातील ‘काफ्रेल’ या पदार्थाचा इतिहास समुद्रापार जातो. पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतील वसाहतींतून, विशेषतः मोझांबिकमधून, ही पद्धत गोव्यात आली. तेथे तिला कोथिंबीर, हिरवी मिरची, आले, लसूण व लिंबाचा रस यांचे हिरवे रूप मिळाले. मिरची मूळची अमेरिका खंडातील. ती पोर्तुगीज जहाजांतून आफ्रिकेत व भारतात पोहोचली, आणि कोंबडी तिच्याही फार पूर्वीपासून दोन्हीकडे होती. या एका ताटात अशा प्रकारे तीन खंड एकत्र आलेले दिसतात.

जपानी लोकांनी तर पक्ष्याच्या प्रत्येक अवयवास स्वतंत्र न्याय दिला आहे. ‘याकितोरी’मध्ये तंगडी, कातडी, काळीज, पेटा व कुर्चा हे वेगवेगळ्या काड्यांना टोचून कोळशावर भाजतात व प्रत्येकास आवश्यक तेवढाच वेळ देतात. छाती व तंगडी एकत्र भाजली असता छाती कोरडी पडते, ही अडचण त्यांनी मुळातच दूर केली आहे.

उकळी न येऊ देण्याची कला

चीनच्या दक्षिणेकडील हायनान बेटावर वेनचांग नावाची कोंबडी प्रसिद्ध आहे. तेथून स्थलांतरित झालेल्या लोकांनी सिंगापूर व मलेशियात ‘हायनानी कोंबडी-भात’ रूढ केला. यात सबंध कोंबडी उकळत्या नव्हे, तर उकळीच्या किंचित खालच्या पाण्यात मंदपणे शिजवितात. शिजताच ती बर्फाच्या पाण्यात बुडविल्याने कातडी घट्ट व तुकतुकीत राहते, कातडीखाली रस थिजून जिलेटिनचा पातळ थर बसतो, आणि छातीचे मांसही कोरडे पडत नाही. त्याच पाण्यात, कोंबडीचीच चरबी व लसूण घालून भात शिजवतात. पक्ष्याचा कोणताही अंश वाया जात नाही.

चरबीचे पक्षी

बदक व हंस या जलपक्ष्यांच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंड पाण्यात तरंगणाऱ्या पक्ष्यास तो उबेसाठी आवश्यक असला, तरी सुगरणीपुढे तो एक प्रश्नच असतो. ही चरबी काढावी कशी, अथवा वापरावी कशी?

बीजिंगच्या भाजलेल्या बदकात ती काढून टाकण्याची रीत आढळते. कातडी व मांस यांच्यामध्ये हवा भरून ती वेगळी करतात, कातडीवर उकळते पाणी ओततात, माल्टच्या पाकाचा हात देतात आणि बदक वाऱ्यावर टांगून सुकवितात. नंतर भट्टीत चरबी वितळून गळून जाते व कातडी पापडासारखी कुरकुरीत होते. १८६४ साली बीजिंगमध्ये स्थापन झालेल्या ‘च्वानज्युड’ या उपाहारगृहाने फळझाडांच्या लाकडांवर उघड्या भट्टीत बदक भाजण्याची पद्धत नावारूपास आणली.

नैर्ऋत्य फ्रान्समध्ये हीच चरबी जतन करतात. बदकाच्या किंवा हंसाच्या तंगड्या मिठात ठेवून, मग त्यांच्याच चरबीत मंद आचेवर शिजवून, त्याच चरबीखाली बुडवून ठेवतात. ‘काँफी’ नावाची ही पद्धत शीतकपाट नसलेल्या काळात हिवाळ्याची बेगमी होती. इराणच्या गिलान प्रांतात आक्रोडाची पूड व डाळिंबाचा आटवलेला रस यांत बदक शिजवून ‘फेसेंजान’ करतात; डाळिंबाचा आंबटपणा चरबीचा जडपणा मारतो. आपल्या देशात केरळातील कुट्टनाडच्या पाणथळ भातखाचरांत बदके पाळली जातात व मिरीच्या मसाल्यातील बदक तेथील सणासुदीचा पदार्थ आहे.

टर्कीचा प्रवास

टर्की हा अमेरिका खंडातील पक्षी. मेक्सिकोतील लोकांनी तो युरोपीय लोकांच्या आगमनापूर्वीच माणसाळविला होता. पुएब्ला शहराचे नाव धारण करणारा ‘मोले पोब्लानो’ हा तेथील मानाचा पदार्थ टर्कीबरोबर वाढण्यात येतो. सुक्या मिरच्या, तीळ, सुका मेवा, मसाले व थोडे चॉकलेट यांचा तो दाट रस असतो. टर्कीचे मांस कोरडे असते. या दाट रसाने त्याची उणीव भरून निघते. सोळाव्या शतकात हा पक्षी युरोपात गेला. भारतात १६१२ साली गोव्याहून आणलेला एक टर्की बादशहा जहांगीरच्या दरबारात सादर करण्यात आला. त्याच्या आज्ञेवरून चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आजही उपलब्ध आहे.

सहा आठवड्यांची कोंबडी

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे चित्र झपाट्याने पालटले. अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाची स्पर्धा भरविण्यात आली. १९४८ साली झालेल्या तिच्या राष्ट्रीय अंतिम फेरीनंतर केवळ मांसासाठीच्या संकरित जातींचे युग सुरू झाले. हा बदल किती मोठा होता, याची कल्पना कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगावरून येते. १९५७ सालच्या वाणाची व २००५ सालच्या वाणाची पिले एकच खाद्य देऊन वाढविण्यात आली. छप्पन्न दिवसांनंतर जुन्या वाणाच्या पक्ष्याचे सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरले, तर नव्याचे ४,२०२ ग्रॅम.

या प्रगतीमुळे मांस स्वस्त झाले व सामान्य कुटुंबाच्या ताटात प्रथिने आली, हा तिचा मोठा लाभ होय. कोंबडीच्या छातीच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसातून सुमारे २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. आज जगात दरवर्षी सात हजार कोटींहून अधिक कोंबड्या आहारासाठी वापरल्या जातात. परंतु पाककृती जुन्या पक्ष्यांच्या आणि पक्षी मात्र नवा, अशी विसंगती त्यातून निर्माण झाली. आजीने सांगितलेला दोन तासांचा वेळ ब्रॉयलरला लावला, तर त्याचे मांस भुगा होते. म्हणून ब्रॉयलरसाठी मसाला व वाटप आधी पूर्ण शिजवून घ्यावे आणि मांस उशिरा घालावे, हे उत्तम. याउलट गावठी कोंबडीस, तसेच अंडी देऊन थकलेल्या लेअर कोंबडीस, वेळ द्यावा किंवा प्रेशर कुकर वापरावा. कुकरमध्ये पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापत असल्याने निम्म्याहून कमी वेळात व कमी इंधनात काम होते. थकलेली लेअर कोंबडी बाजारात स्वस्त मिळते; तिचा रस्सा मात्र ब्रॉयलरहून सरस होतो.

फ्रान्सने १९५७ सालीच ब्रेस प्रांतातील कोंबडीस कायद्याने नाममुद्रेचे संरक्षण दिले. तिला कुरणावर मोकळे फिरू देणे पालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीस २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यास ग्राहक अधिक मोल देतो. मात्र तो पक्षी कसा शिजवावा हे त्याला ठाऊक असेल, तरच. परसातील कुक्कुटपालन करणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. गावठी कोंबडी नेऊन ती वीस मिनिटांत शिजविणारा ग्राहक पुन्हा तिच्या वाटेस जाणार नाही.

स्वयंपाकघरातील दक्षता

रुचीइतकाच आरोग्याचा विचार आवश्यक आहे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला व कॅम्पिलोबॅक्टर हे रोगजंतू असू शकतात. मांसाच्या सर्वांत जाड भागाचे तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले म्हणजे ते निर्धोक होते. मांसाचा केवळ रंग पाहून हे निश्चित सांगता येत नाही; यासाठी मिळणारा टोचावयाचा तापमापक उपाहारगृहांनी तरी अवश्य बाळगावा. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये, कारण उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर व भांड्यांवर पसरतात. त्यासाठीची सुरी व पाट कोशिंबिरीस वापरू नयेत. गोठविलेले मांस बाहेर न ठेवता शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावे. शिजलेले मांस दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये.

या ज्ञानाचा संबंध केवळ एका कुटुंबाच्या प्रकृतीशी नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिली बर्ड फ्लूची साथ आढळून आली. बाधित क्षेत्रातील पक्षी नष्ट करणे अपरिहार्य होते. परंतु भीतीपोटी साथीपासून दूर असलेल्या भागांतील मागणीही कोसळली. वस्तुतः ७० अंशांवर सर्व भाग पूर्ण शिजलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले होते. २०२० च्या आरंभी कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो अशी निराधार अफवा उठली आणि ऐन टाळेबंदीच्या तोंडावर असंख्य कुक्कुटपालकांना आपले पक्षी मातीमोल किमतीस द्यावे लागले. कोंबडी शिजते कशी आणि शिजल्याने काय होते, एवढे ज्ञान घरोघरी असते, तर त्या अफवेस इतके बळ मिळाले नसते.

स्कॉटलंडचा कोंबडा असो, इथिओपियाची डोरो असो वा मालवणची गावठी कोंबडी असो, या सर्वांच्या पाककृतींनी पक्ष्याच्या वयाचा मान राखलेला आहे. आज बाजारात कोवळे व निबर असे दोन्ही पक्षी मिळतात. विकत घेताना वय विचारावे आणि त्यानुसार आच ठरवावी. असे केल्याने अन्न वाया जात नाही, इंधन वाचते, प्रकृती सुरक्षित राहते, आणि तो पक्षी वाढविणाऱ्याच्या श्रमाचेही चीज होते.